मशीन क्विल्टिंगपूर्वी कच्च्या टाक्यांतील दोष दूर करणे

वरचे कापड, बॅटिंग (मधला मऊ भरावाचा थर) आणि अस्तर हे तीन थर कच्च्या टाक्यांनी किंवा सेफ्टी पिनांनी जोडून झाल्यावर क्विल्ट लगेच मशीनवर न घेता उलटी करून सपाट पृष्ठभागावर पसरावी, कारण बहुतेक दोष अस्तराच्या बाजूला लपलेले असतात. मधोमध तळवा ठेवून कडेकडे फिरवावा. हाताखाली कापडाची लाट पुढे सरकत असेल, तर तेथे मशीनखाली हमखास चुणी पडणार.

अशा वेळी केवळ त्या जागेवरचे टाके उसवून भागत नाही. लाटेपासून जवळच्या कडेपर्यंतचे सर्व टाके काढून जादा कापड बाहेरच्या दिशेने सारावे आणि मग आतून कडेकडे पुन्हा टाके घालत जावे. उलट, थर जोडताना अस्तर पृष्ठभागावर पक्के धरून ठेवण्यासाठी कडेला लावलेल्या चिकटपट्ट्या काढताच क्विल्ट आक्रसून वरचे कापड फुगले, तर अस्तर गरजेपेक्षा जास्त ताणले गेले होते असे समजावे. ते पुन्हा ताठ, पण न ताणता अंथरण्याला पर्याय नाही. काम कंटाळवाणे खरे, तरी मशीनचे बारीक टाके उसवण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे.

पिनांमधील अंतर साधारण 10 सेंटिमीटर असावे. फवारायचा गोंद वापरला असल्यास थर हलकेच सोलून पुन्हा बसवता येतात. अस्तर चारही बाजूंनी 8 ते 10 सेंटिमीटर जास्त आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.