जुन्या घराची वीज थकबाकी: ६ महिन्यांपलीकडचं नव्या मालकाकडे नाही

जुनं घर विकत घेतलं, वीज जोडून मागितली की मागच्या मालकाची सगळी थकबाकी व्याजासकट पुढ्यात येते. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार खरेदीदारावर जास्तीत जास्त ६ महिन्यांच्या न भरलेल्या वीज आकाराचीच जबाबदारी येते.

१. वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयातून त्या घराच्या जुन्या ग्राहक क्रमांकाचा सीपीएल, म्हणजे खातेउतारा, मागा. वीज कधी तोडली आणि त्यानंतरही रक्कम कशी चढत गेली, हे त्यात महिनावार दिसतं. सगळं भांडण याच कागदावर ठरतं.
२. खरेदीखताची प्रत जोडून लेखी हरकत द्या, पोच घ्या.
३. दाद लागली नाही तर वीज ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा.

वारसाहक्काने आलेल्या घराला मात्र ही ६ महिन्यांची मर्यादा लागू नाही.