वाचनालयाच्या वेबसाइटवर पुस्तकं नक्की किती?

पहिल्या पानावर ‘२५,०००+ ग्रंथ’, ‘आमच्याविषयी’त २२,४८० आणि वार्षिक अहवालात तिसराच आकडा. वाचनालयाच्या वेबसाइटवर असा घोळ सहज होतो. कुणी थाप मारलेली नसते. तिघांनी तीन वेगळ्या वर्षी तीन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात, एवढंच. दोन रविवार काढलेत तर हे निस्तरतं.

आधी आकडे कुठेकुठे आहेत ते टिपून काढा: वेबसाइटची सगळी पानं, फेसबुक, गूगल मॅप्सवरची माहिती, सभासदत्वाचा अर्ज. शोधताना देवनागरी आणि इंग्रजी, दोन्ही अंक टाकून बघा. बॅनरच्या चित्रातले आकडे मात्र डोळ्यांनीच हुडकावे लागतात, आणि नेमके तेच राहून जातात.

आता खरं काम: काय मोजायचं ते ठरवणं. सगळ्यात जास्त फसगत दाखल रजिस्टरमुळे, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदवतात त्या वहीमुळे होते. शेवटचा दाखल क्रमांक म्हणजे ग्रंथसंख्या, असं धरून चालतात. पण पुस्तक बाद झालं तरी त्याचा क्रमांक सहसा दुसऱ्याला देत नाहीत. समजा, शेवटचा क्रमांक २५,३१२ आहे. बाद केलेली ३,०९५ आणि हरवलेली २८१ पुस्तकं वजा केली की हाती उरतात २१,९३६. वाचकाच्या उपयोगाचा आकडा हाच. बांधीव मासिकं यात धरायची की वेगळी दाखवायची, तेही एकदाच ठरवा. सभासदांचंही तसंच. वर्गणी दोन वर्षं थकलेला माणूस सभासद म्हणून मोजायचा का? आजीव सभासदांपैकी किती हयात आहेत? (हा प्रश्न कार्यकारिणीत काढायला धीर लागतो.)

ठरलेलं सगळं एका तक्त्यात लिहा: आकडा, त्यात काय धरलं, कोणत्या तारखेचा, कोणत्या रजिस्टरमधून, कुणी तपासला. वेबसाइटवर जे जाईल ते या तक्त्यातूनच. फोनवर विचारून टाकलेला आकडा चालणार नाही. तक्ता ग्रंथपालाकडे ठेवा. वेबसाइट सांभाळणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तरी अडायला नको.

तारीख ३१ मार्च धरा. हिशेब आणि लेखापरीक्षण त्याच तारखेला धरून होतात, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडे जाणारा वार्षिक अहवालही आर्थिक वर्षाचाच असतो. मग वेबसाइटने वेगळी चूल कशाला मांडायची? आकड्याखाली बारीक अक्षरात ‘३१ मार्चअखेर’ आणि वर्ष घाला. ‘७५ वर्षांची परंपरा’ पुढच्याच वर्षी शिळी होते. त्यापेक्षा स्थापनेचं साल द्या. ‘+’ काढून टाका.

एप्रिलमध्ये आकडे बदलले की पहिल्या पानापासून अर्जापर्यंत सगळीकडे त्याच दिवशी बदला. जुन्या अहवालांच्या पीडीएफना मात्र हात लावू नका. त्यात चूक सापडली तर शेजारी तारीख घालून शुद्धिपत्र जोडा. आणि यंदा संख्या साडेतीन हजारांनी घटलेली दिसली तर सभेत कुणी विचारायच्या आत ‘मोजण्याची पद्धत बदलली’ अशी एक ओळ आकड्याखालीच टाकून ठेवा.