सिग्नलला इंजिन बंद व्हायचंच थांबलं (माझा अनुभव)

माझ्या गाडीत स्टार्ट-स्टॉप सिस्टिम आहे, म्हणजे गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद करणारी. कर्वे रोडच्या सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन बंद, क्लच दाबला की चालू, ह्याची सवय झाली होती (बायको आधी दचकायची, "पडली का बंद?"). मग अचानक बंदच होईना. वाटलं एसीमुळे असेल, कारण एसीवर लोड जास्त असला किंवा इंजिन थंड असलं की सिस्टिम गप्प बसते, पण एसी बंद करूनही तेच. शेवटी बॉनेट उघडलं तर बॅटरीवर ईएफबी (अशा गाड्यांसाठीच्या बॅटरीचा प्रकार) लिहिलेलंच नाही! सहा महिन्यांपूर्वी दुकानदाराने साधी बॅटरी टेकवली होती आणि मीपण पैसे वाचले म्हणून खूश. ह्या गाड्यांना सारखे स्टार्ट झेपणारी ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते, साधी लवकर दमते, आणि मायनस टर्मिनलवरच्या छोट्या सेन्सरला चार्ज कमी दिसला की गाडी इंजिन बंद करतच नाही. ईएफबी टाकली, सेन्सरला नवी बॅटरी कळावी म्हणून गाडी रात्रभर लॉक करून उभी ठेवली, सकाळी लोणावळ्यापर्यंत चक्कर मारली, तिसऱ्या दिवशी नळ स्टॉपला इंजिन गप्प! इंचाइंचाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये मात्र मी बटण दाबून सिस्टिम ऑफच करतो, गाडी परत चालू केली की ती आपली पुन्हा ऑन.