आभारप्रदर्शन तुमच्याकडे आलंय? मग आधी यादी ताब्यात घ्या

संस्थेत पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम जुन्या माणसाकडे जातं, सूत्रसंचालन ज्याचा आवाज बरा त्याच्याकडे, आणि आभारप्रदर्शन नवख्याकडे. "दोनच मिनिटं तर बोलायचं आहे" म्हणून गळ्यात टाकतात. मला असंच मिळालं, तुम्हालाही असंच मिळालं असेल. घाबरू नका. पण हे सोपं काम आहे असं जो सांगेल, त्याच्यावर विश्वासही ठेवू नका. प्रास्ताविक पडलं तर लोक चहा पिईपर्यंत विसरतात. आभारात एक नाव राहिलं तर ते पुढच्या गणपतीपर्यंत ऐकावं लागतं.

मी नागपुरात एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि नोकरी सरकारी कार्यालयात. त्यामुळे पुस्तक प्रकाशन, निरोप समारंभ, नात्यातली साक्षगंधं म्हणजे साखरपुडे, कुठे ना कुठे माईक हातात येतोच. अजूनही अध्यक्ष भाषणाला उठले की माझे तळहात ओले होतात. तेव्हा हे कुणा पट्टीच्या वक्त्याचं मार्गदर्शन समजू नका.

कार्यक्रमाचा क्रम तुम्हाला ठाऊक आहेच. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार, मनोगतं, अध्यक्षीय भाषण, मग आपण. आपल्यानंतर पसायदान किंवा राष्ट्रगीत, बौद्ध संस्थांमध्ये सरणत्तय. शाल-श्रीफळ कसं द्यायचं ते सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते यादीबद्दल.

यादी बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या फायलीतून निघते. सचिव म्हणतात, "तीच आहे, दोन नावं बदलून घ्या." त्या यादीत असतं कोण? पत्रिकेवर छापलेली माणसं. ज्यांनी काम केलं ती पत्रिकेवर नसतात आणि पत्रिकेवरची सगळी आलेली असतातच असं नाही. यादीत नुसतं ‘मा.’ लिहिलेलं असतं. ते माननीय की माजी, हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत. देणगीदारांपैकी एखादे मधल्या काळात वारलेले असतात आणि त्यांचा मुलगा दुसऱ्या रांगेत बसलेला असतो. ही यादी तशीच वाचणं म्हणजे डोळे बांधून व्हरायटी चौक ओलांडणं.

पण खरा खड्डा याच्याही पुढे आहे, आणि त्यात मी पडले. एका उन्हाळी शिबिराचा समारोप होता. मंडप, खुर्च्या, ने-आण बघणाऱ्या पोरांपैकी दोघांची नावं मला पाठ होती. ती घेतली आणि पुढे जोडलं, "आणि त्यांचे सहकारी". वाक्य कानाला गोड लागतं, टाळ्याही पडल्या. त्या ‘सहकाऱ्यां’मध्ये एक पोरगा असा होता, जो पाहुण्यांना आणायला भर दुपारी अजनी स्टेशनवर उभा होता. गाडी उशिरा. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास. तो काही बोलला नाही. पुढच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला हाक मारली तेव्हा म्हणाला, "ताई, सहकाऱ्यांना सांगा ना जी. तेच तर सगळं करून राहिले."

यात काय झालं ते नीट समजून घ्या, कारण नवीन माणसं इथेच फसतात. कुणाचंच नाव घेतलं नसतं तर त्याला काही वाटलं नसतं. आपण सगळे एकत्र राबलो आणि सगळ्यांचे एकत्र आभार मानले, इतकं त्याच्यासाठी पुरेसं होतं. शेजारच्याचं नाव आलं आणि आपलं आलं नाही, हे लागलं. म्हणून पहिला नियम: एका गटातली सगळी नावं घ्या, नाहीतर एकही घेऊ नका. चौघं असतील तर चारही. चाळीस असतील तर नावं सोडा आणि काम सांगा. "सकाळी सहापासून खुर्च्या मांडणारी, पाहुण्यांना आणायला भर उन्हात स्टेशनवर थांबलेली आमची पोरं" म्हटलं की त्या पोराला बरोबर कळतं की हे माझ्याबद्दल आहे. ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ हे मात्र त्यात मोडत नाही. ते म्हणजे हात झटकणं.

हाच खड्डा दुसऱ्या वाटेने येतो, चिठ्ठ्यांच्या. तुम्ही बोलायला उभे राहता आणि समोरून चिठ्ठी येते: अमक्यांचंही नाव घ्या. तुम्ही घेता, कारण माणूस भिडस्त असतो. ते नाव ऐकून दुसऱ्या कुणाला आपला माणूस आठवतो, दुसरी चिठ्ठी येते. मग कार्यकारिणीतले एक काकाजी स्वतःच व्यासपीठावर चढून कानात सांगतात, आणि माईक चालू असल्याने ते सभागृहाला ऐकू जातं. तोवर मागच्या बाजूने आलूबोंड्याचा वास यायला लागलेला असतो आणि खुर्च्या सरकू लागतात. म्हणून सचिवांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की अध्यक्ष बोलायला उठले की यादी बंद. त्यानंतरची चिठ्ठी हसून घ्यायची, खिशात ठेवायची आणि कार्यक्रम संपल्यावर त्या माणसाला स्वतः जाऊन भेटायचं. सचिव थोडे रागावतील. रागावू द्या.

यादी पक्की करायची पद्धत अशी. आदल्या संध्याकाळी सभागृहावर जा आणि कार्यकारिणीत नसलेल्या एखाद्या माणसाला विचारा, शिपायाला किंवा चौकीदाराला. उद्या कुलूप कोण उघडणार, पाणी कुणी सांगितलं, जेवणाचं कोण बघून राहिलं. पत्रिकेवर नसलेली निम्मी नावं तिथे मिळतात. मग ती सचिवांसमोर मोठ्याने वाचा. मनात वाचू नका, प्रा. की डॉ., विद्यमान की माजी, हे मोठ्याने वाचलं की समोरचा आपोआप दुरुस्त करतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडची ‘वार’ने संपणारी आडनावं असतील तर त्या माणसालाच फोन करून उच्चार विचारून घ्या. कुणी चिडत नाही, उलट बरं वाटतं. आणि यादी कागदावर ठेवा, मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला. मोबाईलवरून आभार मानणाऱ्याला मध्येच फोन येतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याची दयाही येत नाही.

एवढं केलंत की बोलणं राहतं थोडंच. त्याची फार काळजी करू नका, खरंच. झालेल्या भाषणांचा सारांश सांगायचा नाही. अध्यक्षांनी समारोप केल्यावर आपण पुन्हा समारोप करणं शोभत नाही. त्याऐवजी आजच्याच कार्यक्रमातली एखादी खरी गोष्ट उचला. पाहुणे अमरावतीहून एसटीने आले, वक्त्यांनी टिपण बाजूला ठेवून पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, असं काहीतरी. ते घरून लिहून आणता येत नाही, म्हणून कार्यक्रमभर लक्ष देऊन बसावं लागतं. मजकूर दोन मिनिटांचा तयार ठेवा आणि त्याचाच अर्ध्या मिनिटाचा अवतारही, कारण आपल्याकडे कार्यक्रम उशिरा सुरू होतो आणि ती वेळ आभारातून कापली जाते. वाईट वाटून घेऊ नका. ऑस्करच्या मंचावर जगभर गाजलेल्या नटनट्यांनाही साधारण ४५ सेकंदच देतात आणि मग वाद्यवृंद सुरू करतात.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा वेगळाच प्रश्न येतो. शहरात मंत्री असतात, त्यामुळे प्रत्येक संस्थेला मंत्री हवे असतात, आणि मंत्री आपलं भाषण करून निघून जातात. आभाराच्या वेळी व्यासपीठावर मधली खुर्ची रिकामी. सूत्रसंचालकाशी आधीच बोलून ठेवा आणि ते निघताना त्यांच्यासाठीची दोन वाक्यं तिथेच उरका. श्रोत्यांत हिंदी बोलणारी मंडळी असली तर एक वाक्य हिंदीत म्हणायलाही लाजू नका. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. दोन भाषांची सवय इथल्या सभांना जुनीच आहे.

आता शॉर्टकटबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे शेर आणि चारोळ्या आभारात घालणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. तोच शेर सूत्रसंचालकाने अर्ध्या तासापूर्वी म्हटलेला असतो. तयार भाषणं, मग ती पुस्तकातली असोत की मोबाईलने लिहून दिलेली, सगळ्या संस्थांना सारखीच बसतात, म्हणून कुणालाच बसत नाहीत. आणि वक्तृत्व स्पर्धेची ढाल जिंकलेल्या माणसाला गुरू करू नका. तो तुम्हाला हात कुठे उचलायचा ते शिकवेल. माझे गुरू म्हणाल तर एक साउंडवाले काका. आठवड्यातून चार-पाच कार्यक्रम ते मागे उभं राहून ऐकतात. त्यांनी एवढंच सांगितलं होतं: "नाव घेताना तुम्ही पाहुण्यांकडे वळता, तोंड माईकवरून सुटते, अन् नेमकं नावच जाते." आधी पाहुण्यांकडे बघायचं, मग माईककडे येऊन नाव घ्यायचं. रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहासारख्या दोन हजारांच्या आसपास खुर्च्या असलेल्या ठिकाणी ही एक गोष्ट सगळ्या वक्तृत्वापेक्षा जास्त कामी येते.

आपलाच सत्कार असेल तेव्हा यादी दुसरं रूप घेते. राज्य सरकारच्या नोकरीत बहुतेकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी, तीही महिन्याच्या शेवटच्या तारखेला. शाळेत घालताना १ जून ही जन्मतारीख लावलेली एक अख्खी पिढी असल्याने ३१ मेला कार्यालयाकार्यालयात निरोप समारंभ असतात. नेमका नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. खोलीत दोन कूलर घरघरतात. ते बंद केले तर लोक शिजतात, चालू ठेवले तर भाषण ऐकू जात नाही. अशा खोलीत पस्तीस वर्षांतल्या सगळ्या साहेबांची नावं पोस्टिंगच्या क्रमाने घेणारे सत्कारमूर्ती मी पाहिलेत. गोंदियाच्या पोस्टिंगपर्यंत निम्मी खोली बाहेर. एक ठिकाण निवडा, तिथल्या एका माणसाने केलेलं एक काम सांगा आणि त्या एकात बाकीच्यांना नमस्कार करा. नाकारलेल्या बदलीचा हिशेब त्या दिवशी काढू नका, कितीही खरा असला तरी. आणि पुरुष मंडळींना विशेष विनंती: "हिच्या त्यागामुळे" असं बायकोबद्दल बोलण्याआधी तिला विचारा. आमच्याकडच्या एका काकू पहिल्या रांगेतून म्हणाल्या होत्या, "त्याग नाही केला, नोकरी केली मी."

घरच्या कार्यात, म्हणजे साक्षगंध, साठी, सहस्रचंद्रदर्शन वगैरे, औपचारिक आभार नकोच असतात. पण कुणीतरी दोन शब्द बोलावे अशी मोठ्यांची इच्छा असते. तिथेही गटाचा नियम लागू: एका मामाजींचं नाव घेतलंत की सगळे मामाजी आले. मामाजी फार असतील तर "आजोळची मंडळी" म्हणून मोकळे व्हा. वडाभाताची पंगत खोळंबली असताना बोलू नका. पहिली पंगत उठल्यावर लोक उदार झालेले असतात.

ग्लास उंचावून शुभेच्छा देण्याची पद्धत आता नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या कंपन्यांच्या जेवणावळींतून लग्नाच्या स्वागत समारंभात उतरली आहे. मला ती मनापासून आवडत नाही, पण वाट्याला आली तर नीट करा. आधी सगळ्यांच्या हातात काहीतरी आहे का ते बघा. संत्र्याचा रस चालतो. आजी-आजोबा समोर असताना तोच बरा. उभं राहा, तीन-चार वाक्यं बोला, शेवटच्या वाक्यात नाव घ्या आणि ग्लास वर करा. मधेच केलात तर अर्धे लोक पिऊन बसतात आणि अर्धे हात अवघडून उभे राहतात. ज्याच्यासाठी ग्लास उचलला जातो त्याने त्या वेळी स्वतः प्यायचं नसतं, बसून नुसतं हसायचं असतं. हे नवरदेवाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सगळ्यांच्या आधी ग्लास रिकामा करून मोकळा होतो.