उसळलेलं विमान सावरताना

उतरताना शिकाऊ वैमानिकाच्या हातून सेसना १७२ या छोट्या विमानाचं नोजव्हील, म्हणजे पुढचं चाक, मोडतं ते बहुधा पहिल्या उसळीत नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या आपटीत. पहिला दणका मुख्य चाकं घेतात आणि त्यांचे पोलादी स्प्रिंगचे पाय तो बऱ्यापैकी सोसतात. मग घाबरून योक (नाक वर-खाली करायचं हँडल) पुढे ढकललं जातं, नाक खाली जातं आणि सगळा भार पुढच्या चाकावर येतो.

उसळीचं मूळ फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात सापडतं. १७२ एस या मॉडेलला पूर्ण फ्लॅपवर (पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली असताना) अप्रोचचा, म्हणजे उतरायला येतानाचा, वेग ६० ते ७० नॉट (ताशी सागरी मैल). ६५ ऐवजी ७५ ने आलात तर वेग वाढतो १५ टक्के, ऊर्जा मात्र ३३ टक्के. विमान रनवेवर तरंगत राहतं, आणि वैतागून चाकं टेकवायला गेलात की पंखांतली उरलेली लिफ्ट (वर उचलणारा जोर) त्याला पुन्हा वर फेकते. एप्रिल-मेमध्ये बारामती किंवा गोंदियाला दुपारची सॉर्टी (उड्डाणाची फेरी) असेल तर तापलेल्या धावपट्टीवरून उठणारी हवा त्यात भर घालते. नवख्याने सकाळची सॉर्टी मागून घ्यावी, त्यात लाज कसली!

फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूहळू वर उचलणं, साधारण १० ते १५ फुटांवर सुरू करा, नजर रनवेच्या पार टोकाला. नाकाखालच्या डांबराकडे बघत राहिलात की जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि योक झटक्यात ओढलं जातं.

तरीही उसळलंच, आणि उसळी फूट-दोन फुटांची असेल, तर नाक लँडिंगच्या स्थितीतच धरा, किंचित पॉवर द्या आणि विमानाला आपणहून बसू द्या. उसळीचा पाठलाग योकने करू नका. तुमचा हात हलेपर्यंत विमान खाली यायला लागलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती उशिरा पोचते आणि पुढची उसळी आणखी मोठी होते.

उसळी त्याहून उंच असेल किंवा दुसऱ्यांदा आली, तर विचार करत बसू नका, गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. थ्रॉटल पूर्ण पुढे आणि त्याच क्षणी उजवं रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पेडल), कारण नाक डावीकडे पळतं. लँडिंगसाठी लावलेला ट्रिम (योकवरचा दाब हलका करणारी जुळणी) नाक जोरात वर ओढेल. तेव्हा मात्र योक पुढे दाबून धरायचं. फ्लॅप ३० अंशांवरून २०, वेग ६० नॉट, मग १०. शून्यावर आणायचे ते सुरक्षित उंची गाठल्यावरच. घाईत एकदम काढले तर विमान खाली बसतं.

खाली आल्यावर जोरात आपटल्याची नोंद टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) करा आणि इंजिनिअरला बोलवा. तोवर स्वतः वाकून बघा: फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) खालच्या भागात पत्र्याला सुरकुती, रिव्हेटभोवती काळपट रेघ, नोज ओलिओतून (पुढच्या चाकाच्या धक्का शोषणाऱ्या दांड्यातून) झिरपलेलं तेल, प्रॉपेलरच्या टोकाला वाक. चालू इंजिनात प्रॉपेलर जमिनीला घासला असेल, तर इंजिन कितीही गुळगुळीत चालत असलं तरी ते विमान उडवायचं नाही. त्या धक्क्याने क्रँकशाफ्टला (प्रॉपेलर फिरवणाऱ्या इंजिनातल्या मुख्य दांड्याला) इजा होऊ शकते, आणि ती इंजिन उघडल्याशिवाय दिसत नाही.