मिरामारला मुलांना नेण्याआधी तिथी बघा

संध्याकाळी मुलांना घेऊन पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर जावं, तर कधी पाणी थेट भुसभुशीत वाळूपर्यंत चढलेलं असतं. सायकलचं चाक रुततं, चेंडू लाटेत जातो आणि मुलं हिरमुसतात. आमचं हे दोन-तीनदा झालं. आता मी निघण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघते.

१. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल, किंवा त्यानंतरचे एक-दोन दिवस, तर संध्याकाळी ओहोटी असते. पाणी दूर जातं आणि ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो. क्रिकेट, सायकल, पळापळी यांसाठी हेच दिवस राखून ठेवा.

२. अष्टमीच्या आसपास उलट, संध्याकाळी भरती. त्या दिवशी आम्ही कांपालच्या भगवान महावीर उद्यानातच थांबतो.

३. मधल्या दिवसांसाठी भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, एवढं धरून चाला. आज पाचला ओहोटी, तर उद्या सहाच्या जरा आधी. अगदी नेमकी वेळ हवी असेल तर मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघावं.

चपला आणि पिशव्या मात्र कोरड्या वाळूवरच ठेवा. पौर्णिमा-अमावस्येला पाणी जितकं लांब जातं, तितकंच जोरात परतही येतं.

आणि ओहोटी आहे म्हणून मुलांना पाण्यात सोडू नका. मिरामार मांडवी नदीच्या मुखाशी आहे, ओहोटीचं पाणी समुद्राकडे ओढतं. लाल बावटा असेल तर पाऊलही घालायचं नाही.