अतिगरीब घराची गृहभेट कशी करावी

मी बीड जिल्ह्यात 'उमेद'ची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, सीआरपी (गावात बचत गटांसोबत काम करणारी समुदाय संसाधन व्यक्ती) म्हणून काम करते. या कामाला नव्यानं लागलेल्या ताया एकच गोष्ट विचारतात: घरी जाऊन करायचं काय? योजना सांगणं, फॉर्म भरणं सगळ्यांना जमतं. पण अतिगरीब घर पायावर उभं राहीपर्यंत त्याच घरी दर आठवड्याला, वर्ष-दीड वर्ष जायचं म्हटलं की काय बोलावं ते सुचत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी घर कोणतं, ते ठरवा. नुसत्या यादीवर विसंबू नका. आमच्याकडं दिवाळीच्या आगेमागे वस्तीच्या वस्त्या ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परततात. मधल्या काळात सर्वेक्षण झालं तर कुलूपबंद घर सुटतं, आणि गरज त्याच घराला जास्त असते. बचत गटाच्या बैठकीत विचारा, "आपल्या वस्तीतलं गटात कोण नाही?" कुणीतरी म्हणतंच, "ती काय बचत भरायची नाही, तिला कशाला घेता?" जिच्याबद्दल असं बोललं जातं, तिच्या दारात पहिल्यांदा जा.

पहिल्या काही भेटींत वही काढू नका. ती भाकरी थापत असेल तर चुलीजवळ बसा, शेंगा फोडत असेल तर चार शेंगा तुम्हीही फोडा. "महिन्याचं उत्पन्न किती?" हा प्रश्न तर विचारूच नका. तिचं उत्पन्न महिन्याच्या हिशोबात बसत नाही, म्हणून ती तोंडाला येईल तो आकडा सांगते. त्यापेक्षा मागच्या बाजारच्या दिवशी काय घेतलं, रोख किती दिलं, उधार किती राहिलं, मजुरीला कोणाच्या रानात गेली, हे विचारा. किराणा दुकानाची उधारी ती लवकर सांगते, फायनान्सचा हप्ता थोड्या दिवसांनी सांगते. मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्याकडून, आगाऊ घेतलेली उचल सगळ्यात शेवटी सांगते. ती कळेपर्यंत कुठलाही आराखडा करू नका. उचल अंगावर असलेली बाई तुमच्या प्रत्येक सूचनेला हो म्हणेल आणि हंगामात कोयता घेऊन निघून जाईल, कारण तिला जावंच लागतं. त्यात तिचा दोष नाही.

भेटीचा वार आणि वेळ एकच ठेवा. कोणी दर बुधवारी येतं हे पक्कं झालं की बाई आठवडाभर त्या दिवसासाठी गोष्टी राखून ठेवते.

कागदांचं काम लवकर हातात घ्या, पण तिच्यासाठी तुम्ही करू नका. विधवा बाई असेल तर संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1,500 रुपये तिला मिळू शकतात. त्यासाठी 21,000 रुपयांच्या आतलं उत्पन्नाचं प्रमाणपत्र लागतं आणि बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. अंत्योदय कार्ड असेल तर महिन्याला 35 किलो धान्य तिचं आहे. ते पुरतं मिळतं का, हे दुकानात तिच्यासोबत उभं राहून बघा. तहसीलला जाताना फाईल तिच्या हातात द्या. आदल्या भेटीत घरीच सराव करून घ्या: "साहेब, अर्ज दिलाय, पोच द्या." हे एवढं वाक्य बोलायला काही जणींना फार धीर गोळा करावा लागतो. पहिल्यांदा तुम्ही शेजारी उभ्या राहा, दुसऱ्यांदा दाराबाहेर थांबा, तिसऱ्यांदा तिला एकटीला पाठवा.

मग धंदा. शेळीच घ्यायची असं तुम्ही ठरवून जाऊ नका. कोणाला शिलाई जमते, कोणाला बांगड्यांची पाटी. पण आमच्या भागात बहुतेक जणी शेळीच मागतात आणि उस्मानाबादी शेळी इथल्या हवेला टिकते, जुळी करडं देते, त्यामुळं मागणी योग्यच असते. तिला विचारायचे प्रश्न साधे आहेत: चारायला कोण नेणार? पावसात बांधणार कुठं? तू आजारी पडलीस तर कोण बघणार? शेळी लांबच्या बाजारातून आणण्यापेक्षा शेजारच्या गावातून घ्या, पशुसखीला (जनावरांची प्राथमिक काळजी शिकलेल्या गावातल्या ताईला) सोबत न्या, दात आणि कास बघा. जंताचं औषध, पीपीआर या साथीच्या रोगाची लस आणि पावसाळ्याआधी आंत्रविषार या पोटाच्या रोगाची लस चुकवू नका.

शेळीचा हिशोब तिच्यासमोर बोटांवर मांडा. गाभण राहिली की पाच महिने. करडू विकायला यायला आणखी सहा-आठ महिने. म्हणजे जवळजवळ वर्षभर हातात काहीच नाही. बाई मोडते ती याच वर्षात. घरात पीठ नसतं, मुलगा तापानं फणफणतो आणि मुकादम पैसे घेऊन दारात उभा असतो. म्हणून ग्रामसंघाच्या (गावातल्या गटांच्या संघाच्या) जोखीम प्रवणता निधीतून, म्हणजे अडचणीतल्या घरांसाठी ठेवलेल्या पैशातून, या काळातल्या खाण्यापुरती सोय आधी लावून घ्या आणि मगच शेळी आणा. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं 2002 मध्ये हे काम सुरू केलं, तेव्हा वस्तूसोबत खाण्याचा खर्च, प्रशिक्षण, बचत आणि नियमित गृहभेट असं सगळं एकत्र दिलं. पश्चिम बंगालमध्ये बंधन या संस्थेनं तीच वाट धरली. तिथल्या कुटुंबांची स्थिती दहा वर्षांनीही इतरांपेक्षा चांगली असल्याचं अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्या अभ्यासात दिसलं. घानात काही कुटुंबांना नुसत्या शेळ्या देऊन पाहिल्या, तर टिकाऊ फरक पडला नाही. शेळ्या वाटून फोटो काढणाऱ्यांना मी हे दरवेळी सांगते.

आता विक्री. एका मावशीचा पहिला बोकड विकायचा होता, तो प्रसंग सांगते. व्यापारी दारात आला, बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "साडेसहा हजार, घ्या." मावशीनं माझ्याकडं बघितलं. मला भाव माहीत होता, पण मी खाली बघून गप्प राहिले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मावशी आत गेली, गटाचा ताणकाटा घेऊन आली आणि छपराच्या आडव्या लाकडाला अडकवला. बोकड 22 किलो भरला. "किलोला काय देता ते बोला," मावशी म्हणाली. घासाघीस होऊन सौदा साडेआठ हजाराला ठरला. मी बोलले असते तर भाव कदाचित तोच मिळाला असता, पण पुढच्या बोकडाला तिनं पुन्हा माझीच वाट बघितली असती. काटा आधी शिकवून ठेवायचा आणि सौद्याच्या वेळी तोंड बंद ठेवायचं.

आलेल्या पैशाचं काय करायचं, तेही तीच ठरवेल. तुम्ही फक्त एक आठवण करा: मे अखेरीला तिच्या खात्यात 456 रुपये शिल्लक राहू द्या. सरकारी जीवनज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये तेव्हाच खात्यातून कापले जातात.

काही गोष्टी मात्र कधीही करू नका. तिचं पासबुक, एटीएम कार्ड किंवा पिन स्वतःकडं ठेवू नका. स्वतःच्या खिशातून उसने देऊ नका, नाहीतर पुढच्या बुधवारी ती तुम्हाला टाळेल. शेळी मेली तर "मी सांगितलं होतं" म्हणू नका, त्या आठवड्यात तर नक्की जा. घरात मारहाण होत असेल तर नवऱ्यासमोर विषय काढू नका. तिला एकटीला गाठा, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घ्या आणि ती म्हणेल तेव्हाच पुढचं पाऊल टाका.

दसऱ्याच्या सुमाराला भेटी वाढवा. मुकादम तेव्हाच फिरतो. जायचं ठरलंच तर रागावू नका. मुलं हंगामी वसतिगृहात (आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवण्याची सोय) राहतील का आणि शेळ्या कोण सांभाळेल, एवढं तिच्यासोबत बसून ठरवा.

एखाद्या हंगामात तिनं उचल घेतली नाही, घरात दोन वाटांनी पैसा यायला लागला आणि बैठकीत ती स्वतःहून कर्ज मागायला लागली की भेटी कमी करा. आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं जा. एकदम बंद करू नका आणि कधीपासून कमी येणार ते तिला आधी सांगा. पुढचं घर निवडताना तिलाच विचारा. वस्तीत कोणाची चूल पेटली नाही, हे आपल्या यादीपेक्षा तिला जास्त कळतं.